गळ्यातलं जुनं घड्याळ ओळखायचं कसं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात जुन्या वस्तू जमवण्याबद्दल प्रश्न मागवले होते, आणि पत्रं उघडत गेले तसं लक्षात आलं की बहुतेकांच्या हातात एकच वस्तू आहे, साखळीला लटकवून गळ्यात घालायचं किंवा ब्रोचला अडकवायचं बायकांचं छोटं घड्याळ. म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. पत्रं थोडी छोटी केली आहेत आणि नावं काढली आहेत.

प्रश्न: ताई नमस्कार, आत्याच्या कपाटात लांब साखळीला अडकवलेलं एक घड्याळ सापडलं. रुंदी साधारण ३० मिलिमीटर, चांदीसारखं दिसतं, मागच्या झाकणावर फुलापानांची नक्षी आणि मधे एक रिकामी ढाल. तबकडी पांढरी, आकडे रोमन, काटे सोनेरी आणि खूप नाजूक, सेकंद काटा नाहीच. मागचं झाकण उघडलं तर आत अजून एक झाकण, त्यावर 'रेमोंत्वार, सिलिंद्र, १० रुबी' असं कोरलंय. बाहेरच्या झाकणाच्या आतून ०.८००, एक पक्षी आणि पाच आकडी नंबर. कंपनीचं नाव कुठेच नाही. हा रेमोंत्वार कोण? आणि घड्याळ किती जुनं असेल? चावी अजिबात फिरत नाही, घरचे म्हणतात कुणीतरी जास्त चावी दिली म्हणून बिघडलं.

उत्तर: रेमोंत्वार हे कुणाचं नाव नाही हो, तुमच्यासारखे कितीतरी जण त्या नावाची कंपनी शोधत बसतात. हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ एवढाच की या घड्याळाला वरच्या मुंडीने चावी देता येते. आज यात काय विशेष असं वाटेल, पण त्याआधी घड्याळाला सुटी किल्ली लागायची, मागचं झाकण उघडून चौकोनी टोकावर बसवून ती फिरवायची, आणि ती किल्ली हरवली की घड्याळ नुसतंच पडून. आद्रियां फिलिप नावाच्या कारागिराने मुंडीनेच चावी द्यायची आणि मुंडीनेच काटे लावायचे अशी रचना केली, तिचं पेटंट १८४५ चं. पाटेक फिलिप या नावाजलेल्या स्विस घड्याळ कंपनीतला फिलिप तो हाच. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाने त्यांचं निळ्या मिन्याचं गळ्यातलं घड्याळ घेतलं तेही बिनकिल्लीचं होतं. म्हणजे आधी ही गोष्ट राजघराण्यातली, मग हळूहळू साध्या चांदीच्या घड्याळात आली, आणि आली तेव्हा बनवणाऱ्यांनी ती अभिमानाने आतल्या झाकणावर कोरली.

आता सिलिंद्र. घड्याळाच्या मशीनमधला जो भाग चाकांना एकेक दात थांबवून सोडतो, ज्याच्यामुळे टिकटिक येते, त्याला एस्केपमेंट म्हणतात, आणि तुमच्या घड्याळात तो सिलिंडर प्रकारचा आहे. ही रचना लंडनच्या जॉर्ज ग्रॅहमने १७२६ च्या सुमारास नीट बसवली आणि पुढे जवळजवळ दोनशे वर्षं चालली. दुसरा प्रकार म्हणजे लिव्हर, त्यावर फ्रेंचमध्ये 'आंक्र' लिहिलेलं असतं. लिव्हर जास्त अचूक, जास्त टिकाऊ आणि अर्थात करायला जास्त खर्चिक, म्हणून बायकांच्या छोट्या घड्याळात स्वित्झर्लंडमध्ये सिलिंडरच भरपूर वापरला गेला. आणि १० रुबी म्हणजे आत दहा ठिकाणी माणकाच्या बारीक चकत्या बसवल्या आहेत, चाकांच्या आसाची टोकं त्यात फिरतात म्हणजे धातू धातूवर घासत नाही. त्या माणकांना दागिन्याची किंमत नसते, त्यांचं काम वेगळंच आहे.

पक्षी बघून मला फार बरं वाटलं कारण तोच तुमचा खरा पुरावा. स्वित्झर्लंडने १८८० मध्ये सोन्याचांदीच्या तपासणीचा कायदा केला आणि घड्याळांच्या केसवर, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचावर, ठरावीक चित्रांचे शिक्के मारायला सुरुवात झाली. हजारात ८०० भाग चांदी असेल तर ग्राउज, म्हणजे रानकोंबड्याच्या जातीचा पक्षी. ८७५ ला अस्वल. ९३५ ला पुढे तीन अस्वलं आली, एक मोठं आणि दोन छोटी, ती ब्रिटनच्या बाजारासाठी, तिथे १८८७ चा व्यापारचिन्हांचा कायदा आल्यानंतर. सोन्यात १८ कॅरेटला हेल्व्हेटियाचा, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचा चेहरा आणि १४ कॅरेटला खारुताई. हे शिक्के इतके बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना डाग वाटतात, दहापट दाखवणारं भिंग डोळ्याला लावून उजेडाकडे झाकण तिरकं धरलं की एकदम पिसं दिसायला लागतात. जो कुणी हे पहिल्यांदा बघतो तो पाच मिनिटं भिंग खाली ठेवत नाही.

तर पक्षी आहे म्हणजे घड्याळ १८८० च्या आधीचं नाही आणि स्विस आहे. आता अजून एक गोष्ट बघा, मुंडीच्या अगदी शेजारी केसच्या कडेवर एक पिनेच्या डोक्याएवढं बटण आहे का? असेल तर ते नखाने दाबून धरायचं आणि मुंडी फिरवायची म्हणजे काटे फिरतात, नुसती मुंडी फिरवली की चावी बसते. ही पिनवाली पद्धत त्याच काळातल्या स्विस घड्याळांत सर्रास दिसते, नंतर मुंडी ओढून काटे लावायची पद्धत आली आणि पिन गेली. चांदीची केस, मिन्याची पांढरी तबकडी, सोनेरी वळणावळणाचे काटे (याला लुई पंधरावा पद्धतीचे काटे म्हणतात), सिलिंडर आणि मुंडीची चावी, हे सगळं एकत्र धरलं तर साधारण १८८५ ते १९१५ च्या मधलं म्हणायला हरकत नाही. यापेक्षा नेमकं साल कुणी ठामपणे सांगितलं तर विचारा की कशावरून.

कंपनीचं नाव नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, त्यामागे एक अख्खी कामाची पद्धत आहे. स्विस ज्यूरा डोंगराळ भागात, ला शो-द-फों आणि ल लोक्ल या गावांच्या आसपास, घड्याळ एका छताखाली बनतच नव्हतं. कुणी घरी खिडकीशी बसून काटे करायचं, कुणी तबकड्या, कुणी फक्त चाकं, कुणी केसवर नक्षी कोरायचं, आणि मग एक व्यापारी ते सगळं गोळा करून जुळवून विकायचा. त्याने स्वतःचं नाव घातलं तर घातलं, नाहीतर जो दुकानदार परदेशात विकणार त्याचं नाव तबकडीवर, आणि बऱ्याचदा कुणाचंच नाही. ला शो-द-फों १७९४ च्या आगीत जळल्यावर पुढे सरळ समांतर रस्त्यांचं वसवलं गेलं, घरांना उजेड भरपूर मिळावा अशी रचना, कारण घराघरात कारागीर बसलेले. २००९ मध्ये युनेस्कोने या दोन्ही गावांना जागतिक वारसा म्हणून घेतलं. तुमच्या घड्याळाला एक बाप नाही तर अख्खं गाव आहे, आणि मला तरी हे कुठल्याही मोठ्या नावापेक्षा जास्त आवडतं.

तो पाच आकडी नंबर केस बनवणाऱ्याचा. त्याच नंबरचे शेवटचे दोन-तीन आकडे केसच्या इतर भागांवर, आतल्या झाकणावर किंवा काचेच्या कड्याच्या आतल्या बाजूला आहेत का बघा. जुळले तर केसचे सगळे भाग मुळापासून एकत्र आहेत. आणि झाकणाच्या आत सुईने ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं किंवा आकडे दिसले तर ते पुसू नका, घासू नका! घड्याळ दुरुस्त करणारा आपली खूण आणि बऱ्याचदा तारीख असा ओरखडून ठेवायचा म्हणजे परत आलं तर कळावं. कुणीतरी हे घड्याळ जपलं, चालू ठेवलं, त्यावर पैसे खर्च केले, त्याची ती नोंद आहे.

आता चावीचं. जास्त चावी दिल्यामुळे घड्याळ बिघडतं ही समजूत सगळीकडे आहे पण तसं नसतं. स्प्रिंग पूर्ण गुंडाळली की मुंडी थांबते, बस, आणि घड्याळ चांगलं असेल तर तिथून ती उलगडत जाते. तुमचं घड्याळ पूर्ण चावी भरलेल्या अवस्थेत थांबलंय याचा अर्थ आतलं तेल सुकून चिकट झालंय किंवा कुठेतरी काही अडलंय, आणि स्प्रिंगची ताकद पुढे जात नाहीये. जोर लावून मुंडी फिरवू नका. घरी तेलही सोडू नका, शिवणयंत्राचं तेल तर अजिबातच नको, ते पसरतं आणि धूळ धरतं. जुनी यांत्रिक घड्याळं, आणि त्यातही सिलिंडरवाली, उघडून साफ केलेला माणूस शोधा आणि त्याला आधीच विचारा की सिलिंडर दुरुस्त करता का, कारण सिलिंडरमध्ये चाकाचे दात सतत त्या नळीवर घासत असतात, शंभर वर्षांनी ती झिजलेली किंवा तुटलेली असू शकते आणि नवीन करून बसवणं हे नाजूक काम आहे, सगळ्यांना जमत नाही. चालू झाल्यावर दिवसाला चार-पाच मिनिटं मागेपुढे झालं तरी तक्रार करू नका, त्याच्याकडून तेवढंच अपेक्षित आहे.

प्रश्न: माझ्याकडे सोन्याचं गळ्यातलं घड्याळ आहे, पुढे मागे दोन्हीकडे झाकण, अमेरिकन वॉल्थमचं. आत '१४ के' आणि 'वॉरंटेड २० इयर्स' असं लिहिलंय. दोन वेगवेगळे नंबर आहेत, एक झाकणाच्या आत, एक मशीनवर, म्हणजे बदललेलं आहे का? आणि कडांना खालून पिवळट तांबूस धातू दिसतोय.

उत्तर: सरळच सांगते, वर्षांची हमी लिहिलेली असेल तर ते पूर्ण सोनं नाही. याला गोल्ड फिल्ड म्हणतात, आपल्याकडे लोक रोल्ड गोल्ड म्हणून ओळखतात ते. पितळेसारख्या धातूच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी सोन्याचा पातळ पत्रा चिकटवून लाटायचा आणि त्या पत्र्यातून केस घडवायची. जेम्स बॉस याने १८५९ मध्ये याचं अमेरिकेत पेटंट घेतलं. वीस वर्षं म्हणजे रोज वापरलं तरी एवढी वर्षं सोन्याचा थर झिजून खालचा धातू दिसणार नाही अशी हमी, आणि १४ कॅरेट हा त्या थराचा कस. तुमच्या कडांना जे दिसतंय ते तेच, आधी वरच्या कडीपाशी, मुंडीवर आणि झाकणाच्या कडांना थर जातो. यात फसवणूक काही नाही, त्या काळी उघड लिहून विकलेली वस्तू आहे. फक्त आज कुणी ती सोन्याच्या वजनावर विकायला लागलं तर घेऊ नका.

दोन नंबर असणं अगदी बरोबर आहे. अमेरिकेत मशीन एक कंपनी करायची, केस दुसरी, आणि गिऱ्हाईक दुकानात बसून हे मशीन त्या केसमध्ये बसवून द्या असं सांगायचं. मापं ठरलेली असायची म्हणून हे शक्य होतं. बायकांच्या घड्याळात शून्य नंबरचं माप फार चाललं, एक इंच आणि पाच-तीसांश, म्हणजे जवळपास ३० मिलिमीटर, आणि त्यापुढचा प्रत्येक नंबर एक-तीसांश इंचाने मोठा. हे माप मशीनच्या प्लेटचं असतं, केसचं नाही, केस मोजून माप काढलं की हमखास गडबड होते. साल काढायचं असेल तर मशीनवरचा नंबर घ्या, झाकणातला नको. वॉल्थम आणि एल्जिन या दोन्ही कंपन्यांचे नंबर कोणत्या वर्षी कुठवर पोचले होते त्याचे तक्ते संग्राहकांच्या पुस्तकांत छापलेले मिळतात.

नंतर कधीतरी मशीन काढून दुसऱ्या केसमध्ये घातलंय का हे मात्र बघता येतं. मशीन केसला धरून ठेवणारे एक-दोन स्क्रू कडेला असतात, त्यांच्या डोक्याखाली केसवर दाबल्याची खूण उमटते. खूण एकाच जागी असेल तर छान. स्क्रू एकीकडे आणि जुनी खूण भलतीकडे असेल तर त्या केसमध्ये आधी दुसरं मशीन राहून गेलंय. अजून एक खूण मुंडीच्या जागेवरून कळते, पुढे झाकण असलेल्या घड्याळात मुंडी तीनच्या आकड्यापाशी असते आणि उघड्या काचेच्या घड्याळात बाराच्या. काच उघडी पण मुंडी तीनपाशी असं दिसलं तर बहुतेकदा केस बदललेली असते.

आणि एक विनंती, पुढचं झाकण खटकन दाबून बंद करू नका. मुंडी दाबून धरा, झाकण टेकवा, मग मुंडी सोडा. खटका झाकणाच्या ज्या कडेला पकडतो ती नरम धातूची असते, वर्षानुवर्षं आपटून ती गोल होते आणि मग झाकण बसतच नाही, अशी कितीतरी सुंदर घड्याळं झाकण उघडं पडून राहिलेली दिसतात.

प्रश्न: गोल चेंडूसारखं निळ्या मिन्याचं पेंडंट घड्याळ घेतलं, विकणाऱ्याने शंभर वर्षांपूर्वीचं अँटिक म्हणून सांगितलं. तबकडीवर '१७ ज्वेल्स, इन्काब्लॉक' आणि खाली 'स्विस मेड' आहे. खरं का?

उत्तर: इन्काब्लॉक वाचलं आणि उत्तर मिळालं. घड्याळ पडलं तर आतल्या नाजूक आसाला धक्का बसू नये म्हणून केलेली ही स्प्रिंगची व्यवस्था १९३० च्या दशकात आली, त्यामुळे तुमचं घड्याळ त्यानंतरचंच. अशी मिन्याची चेंडू घड्याळं १९५० ते ७० च्या काळात स्वित्झर्लंडमधून खूप निघाली, अंदाजाने तुमचं त्यातलंच. शंभर वर्षांच्या पुढे अँटिक आणि त्याच्या अलीकडे व्हिंटेज असा साधारण रिवाज आहे, म्हणजे तुमचं व्हिंटेज. त्याआधीची चेंडू घड्याळं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाची, त्यांना 'बूल द जिनेव्ह' म्हणतात, आणि त्यातल्या बहुतेकांना मुंडीच नसते, काचेभोवतीचं कडं फिरवून चावी द्यायची. हातात घेऊन ते कडं फिरताना बघितलं की त्या कारागिरांचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

विकणाऱ्याला परत विचारा, काही वेळा त्यालाही माहीत नसतं. पण घड्याळ चालतंय, मिना कुठे उडालेला नाही, तुम्हाला आवडलंय, तर ठेवून द्या. मिना मात्र भिंगाने बघा, खाली कोरलेल्या किरणांची नक्षी दिसत असेल आणि वर काचेसारखा खोल रंग असेल तर तो भट्टीतला खरा मिना, नुसता रंगाचा लेप असेल तर कडांना बुडबुडे आणि ब्रशचे फराटे दिसतात.

प्रश्न: नर्सेस लावायच्या तसं पिनचं घड्याळ मिळालंय, आकडे उलटे आहेत म्हणजे बारा खाली. चुकीचं बसवलंय का? आकड्यांना पिवळट तपकिरी रंग भरलाय, अंधारात चमकत मात्र नाही.

उत्तर: उलटे आकडे बरोबर आहेत. छातीला लावलेलं घड्याळ आपण खालून उचलून बघतो तेव्हा ते आपल्याला सरळ दिसतं, दोन्ही हात कामात असताना मान खाली घातली की वेळ कळावी म्हणून ते तसं. लांब साखळीच्या घड्याळात हे लागत नाही कारण ते हातात घेऊन फिरवता येतं.

त्या रंगाबद्दल मात्र मला काळजी वाटते म्हणून नीट वाचा. १९१० च्या दशकापासून ते १९६० च्या दशकापर्यंत अंधारात दिसावं म्हणून रेडियम हा किरणोत्सारी पदार्थ मिसळलेला रंग वापरत होते, त्यात झिंक सल्फाइड असतं आणि रेडियमच्या किरणांनी ते चमकतं. झिंक सल्फाइड काही वर्षांत खराब होतं म्हणून चमक जाते, पण रेडियम तसंच राहतं, त्याचं अर्धं व्हायलाच सुमारे १,६०० वर्षं लागतात. म्हणजे चमकत नाही म्हणून सुरक्षित असं समजू नका. हे रंग भरणाऱ्या अमेरिकेतल्या मुली ब्रशचं टोक ओठांनी बारीक करायच्या, तसं करायला त्यांना शिकवलं होतं, आणि त्यात कितीजणी गेल्या. न्यू जर्सीतल्या मुलींनी १९२० च्या दशकात कंपनीविरुद्ध कोर्टात लढा दिला, 'रेडियम गर्ल्स' म्हणून त्यांची नोंद इतिहासात आहे. जुनं लष्करी किंवा नर्सचं घड्याळ हातात घेताना त्या मुलींची आठवण ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही काय करायचं, तर काच काढू नका, रंग खरवडू नका, पुसू नका, तडे गेलेली काच असेल तर बंद पिशवीत घालून ठेवा. झोपायच्या खोलीत, मुलांच्या हाताशी ठेवायचं नाही, रोज अंगावर लावायचं नाही, हाताळल्यावर हात धुवायचे. दुरुस्तीला देताना आधीच सांगा की रेडियम असण्याची शक्यता आहे, त्या माणसाच्या तब्येतीचाही प्रश्न आहे. तबकडीवर स्विसच्या दोन्ही बाजूंना 'टी' असं अक्षर असेल तर तो नंतरचा ट्रिटियम या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थाचा रंग, तो खूपच सौम्य.

प्रश्न: मी कॉलेजला आहे, मला अशी घड्याळं जमवायची आहेत पण पैसे फार नाहीत आणि सगळंच आवडतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर: सगळं आवडतंय ना, मग पहिले काही महिने काही घेऊच नकोस, फक्त बघ. मी अगदी गंभीरपणे सांगतेय. घड्याळांच्या लिलावांच्या जुन्या यादीपुस्तिका, म्युझियमचे संग्रह, लोकांनी काढलेले मशीनचे फोटो, जेवढं बघशील तेवढी नजर बसते. ला शो-द-फोंला आंतरराष्ट्रीय घड्याळ म्युझियम आहे, जिनेव्हात पाटेक फिलिपचं, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये घड्याळांचं मोठं दालन आहे, आणि अमेरिकेत १९४३ पासून संग्राहकांची राष्ट्रीय संघटना आहे, पेनसिल्व्हेनियातल्या कोलंबिया गावात तिचं म्युझियम आहे. जाता आलं तर उत्तमच, नाही आलं तर त्यांच्या वस्तूंचे फोटो आणि नोंदी वाचायला कुणी अडवत नाही.

मग एक धागा पकड. फक्त चांदीची सिलिंडरवाली, किंवा फक्त मिन्याच्या पाठीची, किंवा काळ्या पोलादाची, ज्याला गनमेटल म्हणतात. ही गनमेटलची घड्याळं मला स्वतःला फार आवडतात, काळीभोर केस आणि त्यावर पांढरी तबकडी, सोन्याचांदीच्या मानाने लोक तिच्याकडे कमी बघतात म्हणून नव्या माणसाला परवडतात. एक धागा धरला की दहावं घड्याळ हातात येईपर्यंत तुला पहिल्या घड्याळात काय वेगळं होतं ते आपोआप दिसायला लागतं, नुसतं जे दिसेल ते घेतलं तर तसं होत नाही, फक्त ड्रॉवर भरतो.

सामान फार लागत नाही. दहापटीचं भिंग, मऊ कापड, मिलिमीटरची पट्टी आणि एक वही. झाकण उघडायला सुरी किंवा ब्लेड कधीच वापरायचं नाही, बिजागरीच्या समोरच्या बाजूला झाकणाला एक छोटा ओठ असतो तिथे नख लावायचं, नाही उघडलं तर प्लास्टिकची पातळ पट्टी, तरीही नाही उघडलं तर ते स्क्रूचं झाकण तर नाही ना ते बघायचं. चांदी आहे का बघायला लोहचुंबक तर जवळसुद्धा आणू नकोस, आत केसाएवढी बारीक पोलादी स्प्रिंग असते, ती चुंबकीय झाली की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ वेड्यासारखं पुढे पळतं. शिवाय चुंबक चिकटला नाही म्हणजे चांदी असंही नाही, जर्मन सिल्व्हरला पण चिकटत नाही आणि त्यात चांदीचा कणसुद्धा नसतो.

विकत घेताना मशीनचा फोटो दाखवायला सांग. जो दाखवत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही. 'चालू आहे' आणि 'सर्व्हिस केलेलं आहे' यात जमीन अस्मानाचा फरक असतो, हलवलं की दोन मिनिटं टिकटिक करणारं घड्याळसुद्धा चालू म्हणून विकतात. तबकडीवर केसासारखी एखादी रेघ चालेल, तो तांब्यावर भाजलेला मिना असतो आणि शंभर वर्षांत त्याला एखादा तडा जातोच, पण टवका उडालेला असेल आणि रंग भरून झाकला असेल तर किंमत कमी कर म्हणून सांग. कमी पैशात बंद घड्याळ घेऊन पुढे दुरुस्त करू हा मोह सगळ्यांना होतो, दुरुस्तीचा खर्च बहुतेक वेळा घड्याळाच्या वरचढ जातो, तेवढ्यात एक चांगलं चालू घड्याळ आलं असतं.

आणि घेतलेलं घड्याळ वापर. ज्या दिवशी सर्व्हिस करून आलं त्या दिवसापासून अधूनमधून घाल, सकाळी चावी दे, रोज एकाच वेळेला, मुंडी थांबेपर्यंत हळूहळू. पळापळ असेल, पाऊस असेल तेव्हा नको, आणि साखळी इतकी लांब नको की टेबलाच्या कडेवर आपटेल. वहीत प्रत्येक घड्याळाचं एक पान कर, मापं, शिक्क्यांची हाताने काढलेली चित्रं, कुणाकडून आलं, त्यांनी काय सांगितलं. शिक्का हाताने काढायला बसलीस की त्यातले बारकावे जसे दिसतात तसे फोटोत कधीच दिसत नाहीत.

प्रश्न: चांदीचं घड्याळ काळं पडलंय, पॉलिश करून घेऊ का?

उत्तर: दुकानातल्या फिरत्या चाकावर नको, कोरीव नक्षी आणि शिक्के दोन्ही त्यात जातात आणि परत येत नाहीत. चांदीच्या मऊ कापडाने हलक्या हाताने उंच भाग पुसा, खोलगट भागातला काळेपणा राहू द्या, त्यानेच नक्षी उठून दिसते. पाण्यात किंवा डिपमध्ये, म्हणजे चांदी साफ करायच्या द्रवात, बुडवायचं तर अजिबातच नाही. आणि ठेवताना रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकाने चांदी अजून काळी पडते.

प्रश्न: मागच्या ढालीवर कुणा परक्या बाईच्या नावाची अक्षरं आणि १९०३ हे साल कोरलंय. पुसून माझी घालून घ्यावीत का?

उत्तर: नको, प्लीज नको. एक तर पुसायचं म्हणजे तिथला धातू घासून पातळ करायचा आणि चांदीचा पत्रा मुळातच पातळ असतो. दुसरं, ते साल हा तुमच्या घड्याळाच्या वयाचा फार चांगला पुरावा आहे, घड्याळ बहुतेक त्या सालापर्यंत तयार होतं, हॉलमार्क आणि मशीन त्याच्याशी जुळतायत का बघा. तुमची अक्षरं घालायची असतील तर साखळीला एक छोटी चकती अडकवा आणि तिच्यावर कोरून घ्या.

पुढच्या अंकासाठी फोटो पाठवणार असाल तर एवढं करा, तबकडी समोरून, पाठ, प्रत्येक झाकणाची आतली बाजू तिरक्या उजेडात, आणि उघडत असेल तरच मशीन. शेजारी पट्टी ठेवा. फ्लॅश मारू नका, चकाकीत शिक्का दिसत नाही, खिडकीजवळचा उजेड पुरतो.